पोरसाचे हत्ती किती धरावे?

बुद्धिबळाचा पट ज्या घरांत नाहीं असें घर आमच्या वाचकांत विरळाच सांपडेल. त्या पटाचा एक मोठा गुण असा कीं, तेथें अन्यायाची तक्रार करावयास जागाच नाहीं. दोघांसहि आठ आठ प्यादीं आणि दोन दोन हत्ती, घोडे व उंट. हरणाऱ्यानें दोष द्यावयाचा तो आपल्याच बुद्धीस. ‘आठ प्याद्यांमागें दोन हत्ती हें प्रमाण कोणत्या राजाच्या फौजेंत होतें?’ असें कोणी विचारूं लागला तर आपण त्यास हंसूं. खेळ तो खेळ. तेथें इतिहासाचें काय काम?

परंतु गेल्या दोन-अडीचशें वर्षांत या पटाची एक शाखा पश्चिमेकडे अशी वाढली आहे कीं, तींत हा प्रश्न विचारल्यावांचून डावास आरंभच होत नाहीं. इ. स. १७८० मध्यें ब्रन्सविक येथील हेल्विग नांवाच्या गणिताच्या अध्यापकानें (म्हणजे आमच्याच धंद्यांतील मनुष्यानें) बुद्धिबळाचा पट पुष्कळ मोठा केला, चौकटींस निरनिराळे रंग देऊन त्यांवर डोंगर, पाणी व दलदल दाखविली, आणि प्याद्यांच्या जागीं पलटणी मांडल्या. पुढें प्रशियांतील रायस्विट्झ या सरदारानें १८१२ सालीं असाच एक खेळ आपल्या राजापुढें मांडला, व त्याच्या मुलानें १८२४ सालीं तो खऱ्या नकाशावर आणला. मूळच्या आठ हजार हातांचा नकाशावर एक हात, एका चालीस दोन मिनिटें, जखमी व मृत यांचा निकाल फांशांनीं व कोष्टकांनीं, आणि दोघांच्या वर एक पंच. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनीं तो शिक्षणांत घेतला. घरोघरच्या मुलांसाठीं तो दिवाणखान्याच्या जमिनीवर उतरविला मात्र इंग्रज कादंबरीकार एच्. जी. वेल्स यानें. त्याचें त्यावरील लहानसें पुस्तक १९१३ सालचें आहे. त्यांत पायदळ एका चालीस एक फूट चालतें, घोडेस्वार दोन फूट चालतात, आणि स्प्रिंगच्या खेळण्यांतील तोफेनें खरोखरीचा नेम धरून शिपाई पाडावयाचे असतात.

या खेळास इंग्रजींत ‘वॉरगेम’ म्हणतात. आपण त्यास सेनाक्रीडा म्हणूं. हल्लींचें त्याचें रूप असें: मेज ही रणभूमि. त्यावर पुठ्ठ्याच्या टेंकड्या, निळ्या कापडाची नदी, आणि बोटाच्या पेराएवढे रंगविलेले शिपाई. पूर्वीं ते शिशाचे असत, आतां मिश्रधातूचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. चाल मोजपट्टीनें मोजावयाची, झुंजीचा निकाल फांशांनीं लावावयाचा. आणि हें सर्व सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या सैन्याची यादी करावयाची.

ही यादी म्हणजेच आमच्या आजच्या लेखाचा विषय. इंग्लंडांत १९६९ सालीं ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ या मंडळानें प्राचीन काळच्या लढायांचे नियम छापले, व १९८० नंतरच्या वर्षांत निरनिराळ्या राष्ट्रांच्या सैन्यांच्या याद्यांचीं पुस्तकेंच काढलीं. अशा यादींत तीन गोष्टी असतात. त्या काळीं त्या राजापाशीं कोणकोणत्या जातीचे सैनिक होते, त्यांपैकीं प्रत्येक जातीचे कमींत कमी व जास्तींत जास्त किती घेतां येतील, आणि प्रत्येकाचें मोल किती. दोघांनीं ठरलेल्या एकंदर मोलाचें सैन्य घेऊन यावयाचें, म्हणजे डाव समान झाला.

मोल आलें म्हणजे बाजार आला, आणि बाजार आला म्हणजे चतुर गिऱ्हाईक आलेंच. ज्या सैनिकाचें बळ त्याच्या मोलाच्या मानानें अधिक असेल, तेवढेच घेऊन यावयाचे. बाकीचे घरीं ठेवावयाचे. राजाच्या अंगरक्षकांची एक तुकडी असावी तेथें दहा अंगरक्षक-तुकड्या येतात, व ज्या गरीब भालाईतांनीं खरी फौज बनली होती त्यांचा एकहि प्रतिनिधि मेजावर दिसत नाहीं. म्हणून यादी करणारा ‘कमींत कमी इतके भालाईत घेतलेच पाहिजेत, अंगरक्षक इतक्यांहून अधिक घेतां कामा नयेत’ असें बंधन घालतो. हें बंधन म्हणजे इतिहासानें खेळाला घातलेली वेसण होय. ती सैल सोडली तर सैन्य ओळखूं येत नाहीं, आणि फार ओढली तर खेळणाऱ्यास निवड करावयास कांहींच उरत नाहीं व तो दुसरा खेळ शोधतो.

खेळाकडे पुरतें झुकलेलें टोंकहि त्याच मंडळानें पुढें दाखविलें. १९९० सालीं निघालेल्या त्यांच्या एका नियमपुस्तकास ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’, म्हणजे ‘प्राचीन युद्धांविषयीं’, असें लॅटिन नांव आहे. त्यांत मोल नाहींच. राजा लहान असो वा चक्रवर्ती असो, प्रत्येकास बाराच तुकड्या. दोन फुटांचें मेज पुरतें व डाव तासाभरांत आटोपतो. ज्यांस सायंकाळीं जेवणापूर्वीं एक लढाई उरकावयाची असेल त्यांस ही सोय उत्तम. आम्हीहि तिला नांवें ठेवीत नाहीं. फक्त बारा व बारा समोरासमोर उभे पाहून कोणी असें समजूं नये कीं, ते दोन राजे तसेच उभे ठाकले होते.

आपल्याकडे हा विचार अगदींच नवा आहे असें मात्र नाहीं. महाभारतांतील अक्षौहिणीचें कोष्टक संस्कृताच्या विद्यार्थ्यास पाठ असतें. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पांच पायदळ मिळून एक पत्ति; तीन पत्तींचें एक सेनामुख; असें तिपटी-तिपटीनें गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू व अनीकिनीपर्यंत चढावयाचें, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे २१,८७० हत्ती, तितकेच रथ, ६५,६१० घोडे व १,०९,३५० पायदळ. यादी म्हणून पाहिलें तर ही फार देखणी यादी आहे. तींत चारहि अंगें आहेत, प्रमाण सरळ आहे, व गुणाकार मुलासहि येतो. पण पांच माणसांमागें एक हत्ती पोसणारें राज्य पृथ्वीवर झालें असेल असें वाटत नाहीं. ती कवीची यादी आहे, कोठारावरच्या कारकुनाची नव्हे. मात्र त्याच कवीनें दोन्हीं पक्षांस समान सैन्य दिलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी व पांडवांकडे सात. शिवाय युद्धापूर्वीं एका बाजूस सबंध नारायणी सेना व दुसऱ्या बाजूस एक निःशस्त्र सारथि अशी निवड आली, तेव्हां अर्जुनानें सारथि पत्करला. त्या सारथ्याचें मोल किती धरावें, हें आजच्या यादीकारांनीं आम्हांस सांगावें!

आतां खऱ्या इतिहासांतलें एक उदाहरण घेऊं. या खेळांत जगभर खेळली जाणारी व आपल्या देशांत घडलेली लढाई म्हणजे इ. स. पूर्व ३२६ मधील वितस्तेच्या, म्हणजे झेलमच्या कांठची शिकंदर व पोरस यांची लढाई. आपल्याकडील जुन्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाहीं. जें आहे तें सर्व ग्रीक व रोमन लेखकांचें, आणि त्यांचे आज उपलब्ध असलेले ग्रंथहि लढाईनंतर तीनशें ते साडेचारशें वर्षांनीं लिहिलेले; जुने आधार त्यांच्यापुढें होते एवढेंच. त्यांत पोरसाचें सैन्य किती?

आरियन सांगतो: पायदळ ३०,०००, घोडेस्वार ४,०००, रथ ३०० व हत्ती २००. डायोडोरसाच्या मतें पायदळ ५०,००० च्या वर, घोडेस्वार सुमारें ३,०००, रथ १,००० हून अधिक, हत्ती १३०. कर्टियस पायदळ ३०,००० व रथ ३०० हे आंकडे देतो, पण हत्ती ८५ च म्हणतो. प्लुटार्क पायदळ २०,००० व घोडेस्वार २,००० यांवर थांबतो. चार साक्षी आणि चार जबान्या! उलट शिकंदरानें वादळी पावसाच्या रात्रीं नदी ओलांडून जें सैन्य पलीकडे नेलें तें, आरियनच्या म्हणण्याप्रमाणें, सुमारें ५,००० घोडेस्वार व ६,००० च्या आंतबाहेर पायदळ एवढेंच होतें. बाकीचें क्रेटरस या सेनापतीबरोबर अलीकडच्या छावणींत राहिलें.

इतिहासाचा अध्यापक येथें आधारांची योग्यता पाहील. आरियनापुढें शिकंदराबरोबर प्रत्यक्ष असलेल्या टॉलेमी व ॲरिस्टोब्यूलस यांचे वृत्तांत होते, म्हणून तो बहुधा आरियन धरील. खेळणारा काय पाहील? तो मेज पाहील. आरियन म्हणतो कीं, पोरसानें आपले हत्ती एकमेकांपासून निदान शंभर शंभर फुटांवर उभे केले. दोनशें हत्तींची एकच रांग धरली तर ती सुमारें वीस हजार फूट, म्हणजे पावणेचार मैल होते. एका इंचास शंभर फूट असें प्रमाण घेतलें तरी मेज साडेसोळा फुटांहून लांब पाहिजे. आमच्या माजघराची लांबीहि तेवढी नाहीं. पण कर्टियसचे ८५ हत्ती घेतले तर तीच रांग बरोबर सात फुटांत बसते, आणि आमचें जेवणाचें मेज सात फुटांचें आहे! अशा रीतीनें पुष्कळ यादीकारांच्या हातून कळत-नकळत एक गोष्ट घडते: आधार निवडला जातो तो ग्रंथकाराच्या विश्वसनीयतेवरून नव्हे, तर सुताराच्या मापावरून. आम्हांस यांत आक्षेप मेज लहान असण्याला नाहीं. मेज लहान आहे म्हणून रांग आंखडली, असें यादीच्या माथ्यावर लिहावें. ‘पोरसाचे हत्ती ८५ च होते, हें सिद्ध आहे’ असें लिहूं नये.

दुसरी अडचण त्रैराशिकाची. आमच्या घरीं दोन नातवांनीं गेल्या दिवाळीच्या सुट्टींत ही लढाई मांडण्याचें ठरविलें. शिपाई पुठ्ठ्याचे कापलेले, हत्ती मातीचे. पंच म्हणून आमची नेमणूक झाली. आम्ही आरियनचा आंकडा धरला व दोनशें माणसांमागें एक शिपाई असें प्रमाण ठरविलें. पोरसाचें पायदळ १५०, घोडेस्वार २०. शिकंदराचें पायदळ ३०, घोडेस्वार २५. येथवर ठीक. पण त्याच प्रमाणानें पोरसाचे हत्ती किती? एक. आणि रथ? दीड. धाकट्याचें तोंड एवढेंसें झालें. ज्या हत्तींसाठीं त्यानें पोरस व्हावयाचें पत्करलें, त्यांतला एकच हत्ती घेऊन तो लढाई काय करणार? हिशेब निर्दोष होता, पण त्या हिशेबानें लढाई खोटी झाली असती. कारण त्या दिवशीं शिकंदराच्या घोडेस्वारांनीं मधल्या हत्तींसमोर जाण्याचें टाळलें व बगलेवर हल्ला चढविला, तो हत्तींच्या भयामुळेंच. घोडे हत्तीच्या वासानें व आवाजानें बुजतात. ज्याच्यामुळें लढाईस तो आकार आला, तेंच मेजावरून नाहींसें केलें तर उरलेल्या बिनचूक आंकड्यांचा उपयोग काय? म्हणून हत्ती व रथ यांस निराळें प्रमाण द्यावें लागतें, आणि जुन्या नियमपुस्तकांतहि तें असें निराळें दिलेलें आढळतें. आम्ही वीस हत्तींमागें एक हत्ती व पन्नास रथांमागें एक रथ असें ठरविलें: दहा हत्ती, सहा रथ. हे आंकडे इतिहासाचे नव्हेत, पण त्यांनीं इतिहासाचें काम केलें.

आणि येथें वाचकांनीं या यादीकडे पुन्हां एकदां पाहावें, असें आम्ही सुचवितों. पायदळ १५० विरुद्ध ३०. पण घोडेस्वार २० विरुद्ध २५. सर्व बाजूंनीं लहान असलेलें शिकंदराचें सैन्य एकाच अंगांत मोठें आहे, आणि लढाई ठरली ती त्याच अंगावर. पोरसाच्या डाव्या बगलेवर शिकंदर स्वतः तुटून पडला, सीनस हा त्याचा सरदार वळसा घालून मागून आला, घोडेस्वार हत्तींच्या रांगेंत लोटले गेले, आणि मग दाटींत सांपडलेले जखमी हत्ती आपलींच माणसें तुडवूं लागले. आम्ही चाळीस वर्षें वर्गांत ही लढाई शिकविली. परंतु फळ्यावर काढलेल्या बाणांपेक्षां ही पंचावन्न पुठ्ठ्यांची यादी अधिक बोलते असें आम्हांस वाटतें. मोल समान करण्यासाठीं पोरसाला दहा घोडेस्वार अधिक दिले असते तर हीच गोष्ट पुसली गेली असती.

परंतु खरा तंटा पुढेंच झाला. तीन डाव झाले आणि तिन्ही शिकंदरानें जिंकले. चौथ्या दिवशीं धाकटा म्हणाला, “मी पोरस होणार नाही. आजोबा, हत्तींचं बळ वाढवा, नाही तर दादानंच पोरस व्हावं.” थोरला म्हणाला, “बळ वाढवलंस तर ते खोटं होईल. पोरस हरलाच होता.” त्यावर धाकट्यानें, कोठें तरी ऐकलेलें, ‘पोरसच जिंकला होता, ग्रीकांनीं खोटें लिहिलें’ हें शस्त्र बाहेर काढलें. असें सांगणारीं मोठीं माणसेंहि हल्लीं भेटतात. त्यामुळें मुलास दोष देतां येत नाहीं. ग्रीक लेखक आपल्या बाजूची फुशारकी मारतात हें खरें. आरियन शिकंदराचे सर्व मिळून ३१० च पडले म्हणतो व पोरसाचे पायदळच जवळ जवळ २०,०००. डायोडोरस शिकंदराकडील २८० घोडेस्वार व ७०० हून अधिक पायदळ मोजतो. म्हणजे त्यांचें आपसांतच जमत नाहीं. पण पोरस हरला, जखमी होऊन हातीं लागला, आणि त्याचें राज्य त्यास परत मिळालें, याविषयीं एकाचेंहि दुमत नाहीं, व उलट बाजूस तर एक अक्षरहि नाहीं. साक्षीदार अतिशयोक्ति करतो म्हणून त्याच्या साक्षीच्या नेमकें उलट घडलें असें ठरत नाहीं. हें ज्यास पटत नाहीं त्यानें इतिहास सोडून दुसरा विषय घ्यावा.

मग काय, मुलानें जन्मभर पोरस होऊन हरतच राहावयाचें? हत्तींचें बळ वाढविलें तर इतिहास जातो, आणि न वाढविलें तर खेळगडी जातो. यावर तोड काढली ती आमच्या धाकट्या सूनबाईनें. ती बँकेंत नोकरी करते. हिशेबाच्या दोन बाजू पाहण्याची तिला संवय आहे. भाजी निवडतां निवडतां ती म्हणाली, “मामंजी, दोघांचं जिंकणं एकच कशाला हवं? शिकंदराला पुढे जायचं होतं. पोरसाला त्याला अडवायचं होतं. ज्याला जे हवं होतं ते मिळालं की तो जिंकला, असं नाही का करता येणार?”

येतें; आणि आमच्या मतें या सबंध प्रश्नाचें हेंच उत्तर आहे. सैन्यें समान करण्याच्या खटपटींत यादीकार जें खोटें लिहितो तें लिहिण्याचें कारणच उरत नाहीं. दुबळ्यास दुबळें राहूं द्यावें, प्रबळास प्रबळ राहूं द्यावें, आणि समता आणावयाची ती उद्दिष्टांत आणावी. शिवाय या लढाईंत त्यास इतिहासाचा आधारहि सांपडतो. प्लुटार्क स्पष्ट सांगतो कीं, पोरसाशीं झालेल्या झुंजीनें मॅसिडोनियन सैन्याचा उत्साह मंदावला, व पुढें जाण्यास तें कांकूं करूं लागलें. त्याच वर्षीं विपाशेच्या, म्हणजे बियासच्या कांठीं त्या सैन्यानें पुढें पाऊल टाकण्याचें नाकारलें. दुसरींहि कारणें होतीं. आठ वर्षांची वणवण, पावसाळा, आणि गंगेकडील राज्यांच्या मोठ्या हत्तीदळाच्या वार्ता. पण झेलमच्या कांठीं आणखी माणसें पडतीं तर हें कदाचित् आधींच घडलें असतें, असें म्हणण्यांत गैर कांहीं नाहीं.

म्हणून आम्ही नियम केला तो असा. रण पोरसानें सोडलें तरी चालेल. परंतु शिकंदराचे पांचांहून अधिक शिपाई पडले तर डाव पोरसाचा. हा पांच आंकडा आम्हीं हवेंतून काढलेला नाहीं. डायोडोरसाची मृतांची संख्या हजाराच्या आसपास जाते. तिला दोनशांनीं भागावें, म्हणजे पांच येतात. आरियनचे ३१० घेतले असते तर दीडच शिपाई पुरा झाला असता व शिकंदरास खेळणेंच अशक्य झालें असतें. येथें आम्ही डायोडोरस पत्करला तो सोयीसाठीं, व तसें यादीच्या खालीं लिहून ठेविलें. परिणाम असा झाला कीं, शिकंदर होणारा थोरला आतां हत्तींच्या अंगावर आंधळेपणानें जात नाहीं. जसा खरा शिकंदर गेला नाहीं तसाच. आणि धाकटा हत्ती पुढें लोटण्याऐवजीं राखून ठेवतो. पुढच्या सहा डावांत चार शिकंदरानें जिंकले, दोन पोरसानें. धाकट्याची तक्रार बंद झाली, व ‘ग्रीकांनीं खोटें लिहिलें’ हें वाक्यहि पुन्हां घरांत ऐकूं आलें नाहीं.

मराठी घरांतील मुलें या खेळाकडे वळलीं म्हणजे आज ना उद्यां पानिपतावर येणारच, आणि तेथें हा प्रश्न अधिक दुखऱ्या जागीं हात घालतो. १४ जानेवारी १७६१ ची यादी करणें तसें कठीण नाहीं. हुजुरातीचे स्वार, शिंदे-होळकरांचीं पथकें, इब्राहीमखान गारद्याचें कवायती पायदळ, तोफखाना. पलीकडे दुराणी स्वार, रोहिले, शुजाउद्दौल्याची फौज. पण भूक कोणत्या रकान्यांत लिहावयाची? नोव्हेंबरापासून मराठ्यांची छावणी कोंडली गेली होती, रसद तुटली होती, हजारों बुणगे व यात्रेकरू पोसावयाचे होते. घोड्यांस दाणा नव्हता व माणसांस अन्न नव्हतें, म्हणूनच त्या दिवशीं बाहेर पडून लढणें भाग पडलें. समान मोलाच्या यादींत मात्र मराठ्यांचे घोडे धष्टपुष्ट असतात व बुणगे मुळींच नसतात. मग निकाल इतिहासाशीं जुळत नाहीं म्हणून कोणी मराठा स्वाराची प्रत उतरवितो, त्यास ‘हलक्या दर्जाचा’ लिहितो. हें आम्हांस सर्वांत वाईट वाटतें. उपाशी माणसास भित्रा लिहिणें हा इतिहासाचा अपराध आहे, मग तो खेळाच्या सोयीसाठीं कां असेना. स्वार उत्तम दर्जाचाच लिहावा. मात्र त्याच्या घोड्यानें एकदांच भरधांव जावें, दुपारनंतर त्याची चाल निमपट व्हावी, आणि एका कोपऱ्यांत बुणग्यांचा तळ राखण्याचें ओझें त्याच्यावर असावें. मराठ्यांचें उद्दिष्टहि शत्रूस मारण्याचें न ठेवितां दिल्लीच्या वाटेनें बाहेर पडण्याचें ठेवावें. असा पानिपत आम्हीं अजून मांडलेला नाहीं. दीडशें स्वार कापावयाचे आहेत, व कात्री एकच आहे.

बिनचूकपणाच्या हौसेचें दुसरें टोंकहि सांगून ठेवतों, कारण आमच्यासारख्या मास्तर मंडळींचा पाय तेथेंच घसरण्याचा संभव अधिक. प्रत्येक बाणाचा पल्ला, प्रत्येक ढालीची जाडी व प्रत्येक सरदाराचा स्वभाव कोष्टकांत घातला कीं, एक हल्ला निकालांत काढावयास अर्धा तास लागतो, आणि लढाई संध्याकाळपर्यंतहि संपत नाहीं. रायस्विट्झच्या खेळाचें प्रशियांत हेंच झालें. कोष्टकें वाढत गेलीं, अधिकारी कंटाळले, आणि शेवटीं १८७६ सालीं फॉन व्हर्डी या सेनापतीनें तीं बाजूस सारून अनुभवी पंच सांगेल तो निकाल अशी पद्धत पुढें आणली. पंच पुरेसा जाणता असेल तर ती पद्धत चांगली. घरांत पंच आजोबा असले म्हणजे मात्र ‘आजोबा धाकट्याच्या बाजूचे’ असा आरोप तिसऱ्या चालीसच येतो, म्हणून आम्ही फांसे सोडले नाहींत.

फांशांचा एक उपयोग आम्हांस विशेष आवडला, तो सांगतों. त्या दिवशीं रणभूमि कशी होती याविषयींहि साक्षी फुटलेल्या आहेत. आरियन म्हणतो, पोरसाचा मुलगा आधीं पुढें गेला त्याचे रथ चिखलांत अडकले हें खरें. पण खुद्द पोरसानें लढण्यास जागा निवडली ती वाळूची, सपाट व घट्ट. कर्टियस म्हणतो, पावसानें सारी जमीन निसरडी झाली होती. सहा सहा माणसें वाहणारे जड रथ रुतून बसले, आणि हिंदी तिरंदाजांस आपलीं लांब धनुष्यें जमिनीवर टेंकवितां येईनात. रथास चिखल नसलेली घट्ट भूमि पाहिजे, हें कौटिल्यानेंहि युद्धाच्या अधिकरणांत सांगितलें आहे. तेव्हां हा भेद लहानसहान नव्हे. यादींत रथांचें मोल धरावें तर कोणत्या जमिनीवरचें धरावें? आम्हीं मोल तसेंच ठेविलें. डाव मांडून झाला, सैन्यें उभीं राहिलीं, आतां कोणास कांहीं बदलतां येत नाहीं, अशा वेळीं पंच एक फांसा टाकतो. विषम पडला तर आरियनची वाळू. सम पडला तर कर्टियसचा चिखल. गेल्या रविवारीं चार पडले. धाकट्यानें कांहीं न बोलतां आपले सहाहि रथ उचलून हत्तींच्या मागें नेऊन ठेवले, आणि धनुर्धारी पुढें आणावे कीं नाहीं याचा विचार करीत तो बराच वेळ मेजाशीं उभा होता.